वितळलेल्या धातूवरची साय

दूध तापवून ठेवलं की त्यावर साय धरते. वितळलेल्या धातूवरही एक साय धरते, फक्त तिला वेळ लागत नाही. धातूचा थेंब वरून खरवडून लखलखीत केला की हवा लागताच, पापणी लवायच्या आत, त्यावर ऑक्साइडचा थर आलेला असतो. तो जेमतेम काही अणूंइतका जाड असतो. वहीच्या एका कागदाच्या जाडीचे पन्नास-साठ हजार भाग केले तर त्यातला एखादा भाग, असं मी वर्गात सांगते. मुलं माना डोलावतात, पण हे माझ्याही डोळ्यांसमोर कधी नीट उभं राहिलेलं नाही. हा थर धातूवरून उचलून काचेवर ठेवायचा आणि त्यातून वीज जाते का ते बघायचं, हे माझं काम. सोलापूरजवळच्या एका कॉलेजच्या पदार्थविज्ञान विभागात मी ते करते.

हे कशासाठी, असं मोहल्ल्यातल्या बायका विचारतात तेव्हा मी मोबाइलचा पडदा दाखवते. त्या काचेवर एक थर असतो, तो दिसत नाही, पण त्यातून वीज खेळते, म्हणून बोट लावलेलं फोनला कळतं. तो थर ठिसूळ असतो. तोच अणूंइतका पातळ करता आला तर वाकेल, गुंडाळता येईल, उद्या कापडावर किंवा मनगटावरही बसवता येईल. "मग कधी मिळणार असला फोन?" हा पुढचा प्रश्न ठरलेला. मी म्हणते, ते मला माहीत नाही, मी फक्त साय काढते.

माझे अब्बा कल्हईवाले. तांब्या-पितळेच्या भांड्यांना आतून कथील चढवायचं काम. पूर्वी ते भाता आणि कोळसा सायकलला बांधून अक्कलकोटपर्यंत गावं करत. मग घरोघरी स्टील आलं आणि सायकल थांबली. आता आचाऱ्यांची मोठी पातेली आणि बिर्याणीच्या देगा तेवढ्या घरी येतात. अंगणात भट्टी पेटली की नवसागराचा पांढरा धूर होतो आणि शेजारीण वाळत घातलेले कपडे गोळा करू लागते. घरात आम्ही आमच्या सोलापुरी उर्दूत बोलतो, शाळा मात्र माझी मराठी. शिकून मी काही वर्षं एका हायस्कुलात विज्ञान शिकवलं आणि मग, बाकीच्या मैत्रिणी मुलांच्या दहावीच्या काळजीत असताना, पीएचडीला नाव घातलं.

माझे गाईड म्हणजे आमचे सर. तेव्हा त्यांच्या निवृत्तीला फार दिवस राहिले नव्हते. उंच, किडकिडीत, शर्टाच्या खिशात कायम एक स्क्रू ड्रायव्हर. आयुष्य शिकवण्यात गेलं होतं. संशोधनाची गाडी उशिरा रुळावर आली आणि आली तेव्हा विभागातलं एकुलतं एक मोठं यंत्र, निर्वात पोकळीत पातळ थर चढवणारं, बंद पडलं. ते दुरुस्त करणारी कंपनीच उरली नव्हती. काही दिवस तसेच गेले. मग एका सकाळी सर आले आणि म्हणाले, "मॅडम, असं एक काम आहे ज्याला निर्वात पोकळी लागत नाही. उलट हवाच लागते." मी शाळेत शिकवत होते म्हणून ते मला मॅडम म्हणत. पहिल्यांदा मला संकोच वाटला, पुढे सवय झाली.

तेच हे सायीचं काम. सुरुवातीला सरांनी हात बसवायला गॅलियम दिलं. ते इतक्या कमी उष्णतेवर वितळतं की आमच्या सोलापुरात एप्रिलमध्ये बाटलीतल्या बाटलीत आपोआप पातळ होऊन बसायचं. वापरायच्या वेळी गरम करायला नको, उलट परत ठेवायचं तर फ्रिज शोधायचा. पण त्याच्या सायीतून वीज जात नाही, ती सरावापुरती. खरं काम इंडियम आणि कथील यांच्या मिश्रणावर होतं. हॉट प्लेटवर काचेची पट्टी तापवायची, तिच्यावर त्या मिश्रणाचा थेंब ठेवायचा, वरची करडी साय खरवडून बाजूला करायची, आणि नवी साय धरली की दुसरी तापलेली पट्टी वरून टेकवून दाबायची आणि उचलायची. साय दोन्ही काचांना चिकटते. सोबत धातूचे बारीक मणीही येतात. ते पुसून काढायचे आणि साय तेवढी ठेवायची. सांगायला एवढंच आहे. ते नीट जमायला वर्ष गेलं.

हे सगळं पंखा बंद करून करावं लागतं, नाहीतर काच एका बाजूने थंड होते. सोलापूरचा उन्हाळा, खोलीला पत्र्याचं छप्पर आणि समोर तापलेली प्लेट. माझ्या ओढणीला घामाचे पांढरे नकाशे पडायचे.

त्या खोलीत मी एकटी नव्हते. माझ्यानंतर वर्षभराने एक मुलगी आली, करकंब गावची, म्हणून इथे मी तिला करकंबचीच म्हणते. घरचा ऊस, वडील शेतकरी, भाऊ कारखान्यावर. माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी लहान. ती मला पहिल्या दिवसापासून आपा, म्हणजे ताई, म्हणायला लागली. सरांसमोर ती पुस्तकातलं मराठी बोलायची आणि सर दाराबाहेर पडले की लगेच गावाकडचं. तिचा एक स्वभाव होता. कुठलीही गोष्ट चांगली झाली की तिला आधी संशय यायचा.

आणि एक दिवस गोष्ट चांगली झाली. फेब्रुवारी होता. मी काढलेल्या एका पट्टीला वीज तपासायच्या मल्टिमीटरच्या दोन्ही टोच्या, म्हणजे तारांची टोकं, लावल्या आणि काटा, म्हणजे आकडा, हलला. वीज जात होती, आणि चांगली जात होती. दुसरी पट्टी घेतली, तिच्यातूनही गेली. तिसरीतून नाही, पण चौथीतून गेली. पट्टी उजेडात धरली तर आरपार स्वच्छ. मी सरांना बोलावलं. त्यांनी स्वतः टोच्या लावून पाहिल्या, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"झालं की हो," ते म्हणाले.

त्यांना मी त्याआधी इतक्या मोठ्याने बोलताना ऐकलं नव्हतं. ते तसेच उठून विभागप्रमुखांकडे गेले. संध्याकाळपर्यंत चहावाल्यापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना कळलं होतं. मार्चमध्ये कॉलेजात चर्चासत्र व्हायचं होतं, बाहेरगावचे पाहुणे येणार होते. त्यात सरांचं व्याख्यान ठरलं. पत्रिकेत विषयही छापला गेला. सर रोज एक नवी स्लाइड करत आणि आम्हाला दाखवत. अक्षर किती मोठं असावं यावरसुद्धा ते आमचं मत विचारत.

करकंबचीला मात्र संशय आला होता. तिला वाटत होतं की एक पट्टी जाते आणि एक जात नाही, असं व्हायला नको. साय सगळीकडे सारखी धरते, मग वीज काही पट्ट्यांतूनच का जावी? मी म्हटलं, माझा हात सारखा पडत नसेल. तिने मान हलवली, पण तिचं समाधान झालेलं नव्हतं.

चर्चासत्राच्या आदल्या दिवशी दुपारी तिने मला सूक्ष्मदर्शकाजवळ बोलावलं. बाजूने तिरका दिवा सोडला होता.

"आपा, ह्ये बघा की."

मी डोळा लावला. काचेवरचा थर पुसट दिसत होता, त्याची कड कळत होती. आणि त्या थरावरून एक बारीक चकाकती रेघ गेली होती, केसाहून कितीतरी बारीक. पुसताना धातू ओढला जाऊन राहिलेली रेघ.

"आता मी फकस्त ती रेघ कापते," ती म्हणाली. "थराला हात लावत न्हाय."

तिने सुईच्या टोकाने त्या रेघेवर एक आडवा ओरखडा काढला, इतका लहान की नुसत्या डोळ्यांना दिसलाही नाही. टोच्या लावल्या. आकडा हलला नाही. वीज बंद.

"थर दोनी बाजूला तसाच हाय. मग करंट कुटं गेला?"

मला उत्तर माहीत होतं. वीज सायीतून जातच नव्हती. ती त्या धातूच्या रेघेतून जात होती. आम्ही एवढे दिवस एका अतिशय बारीक तारेचा अभिमान बाळगून होतो. बाकीच्या पट्ट्या बघितल्या. ज्यांतून वीज जायची त्या प्रत्येकीवर रेघ सापडली, जिच्यातून जात नव्हती तिच्यावर नव्हती.

"सरांना कोण सांगणार?" मी विचारलं.

"दोघी जाऊ की," ती म्हणाली, आणि लगेच म्हणाली, "पर बोला तुमी."

सर त्यांच्या खोलीत स्लाइडवरची अक्षरं लहान-मोठी करत बसले होते. मी सांगितलं. सांगताना मी खाली त्यांच्या टेबलावरच्या काचेकडे बघत होते. त्यांनी मधे एकदाही तोडलं नाही. माझं झाल्यावर त्यांनी करकंबचीकडे पाहिलं.

"तू कापलीस?"

"हो सर."

"माझ्यासमोर काप."

आम्ही तिघं प्रयोगशाळेत आलो. तिने दुसऱ्या पट्टीवरची रेघ कापली. टोच्या सरांनी स्वतः धरल्या होत्या. आकडा गेला. त्यांनी टोच्या जागा बदलून पुन्हा लावल्या, पुन्हा बदलल्या. मग मल्टिमीटर बंद केला आणि त्याच्या वायरी व्यवस्थित गुंडाळून ठेवल्या. बाहेर कोणीतरी उद्याच्या कार्यक्रमाच्या खुर्च्या ओढत नेत होतं.

"सर, उद्या आपण नुसती पद्धत सांगू," मी म्हटलं. "वीज जाते ती स्लाइड काढून टाकते मी. कुणाला कळणारही नाही."

"पत्रिकेत काय छापलंय?"

पत्रिकेत नेमकं तेच छापलं होतं.

"ती स्लाइड राहू द्या," सर म्हणाले. "फक्त पुढे अजून एक करून द्या. रेघेचा फोटो."

दुसऱ्या दिवशी सभागृह भरलं होतं. सरांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता आणि त्यांच्या पत्नीही येऊन पहिल्या रांगेत बसल्या होत्या. त्यांना बिचाऱ्यांना काहीच कल्पना नव्हती. सरांनी पद्धत समजावून सांगितली, शांतपणे, वर्गात शिकवायचे तशी. मग ती स्लाइड आली. "महिनाभर मी असं समजत होतो की आम्हाला हे साधलं," ते म्हणाले. "काल दुपारी कळलं की ते चूक होतं." पुढची स्लाइड लावली. रेघ पडद्यावर दोरखंडाएवढी दिसत होती. "वीज इथून जात होती. थरातून नाही. पत्रिकेत छापलेला विषय आज मी सिद्ध करू शकत नाही, त्याबद्दल क्षमा असावी."

सभागृहात कुजबुज झाली. मागच्या रांगेत कोणीतरी हसलं, ते मला ऐकू आलं. मला इतका राग आला की मी वळून बघितलं, पण कोण ते कळलं नाही. एका पाहुण्यांनी उभं राहून विचारलं, "मग यात नवीन काय राहिलं, सर?"

"नवीन काही नाही," सर म्हणाले. "आहे ते एवढंच आहे."

आणि ते खाली येऊन आपल्या पत्नीशेजारी बसले. पत्नीने काही विचारलं असावं, कारण सरांनी नुसता हात हलवला.

चहाच्या वेळी पुण्याच्या एका संस्थेतून आलेल्या बाई आमच्याजवळ आल्या. धातू पुसता कशाने, पुसताना काच किती गरम असते, असं बरंच काही विचारलं. करकंबचीने सगळं नीट सांगितलं. जाताना त्या म्हणाल्या, "खात्रीची पट्टी झाली की माझ्याकडे आणा. जाडी आपण मोजू." त्यांनी फोन नंबर दिला. मला ते बोलणं तोंडदेखलं वाटलं होतं.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. सर रोज यायचे, पण आमच्या खोलीत कमी थांबायचे. मे अखेरीस ते निवृत्त होणार होते. मी घरी आले की जेवून झोपायचे. अब्बांच्या ते लक्षात आलं. एका रविवारी नाश्ता करताना ते म्हणाले, "मेरेकू भी दिखा, क्या करती तू वहाँ." मी म्हटलं, काही बघण्यासारखं नाही. तरी ते टोपी घालून तयार झाले.

रविवारीही आम्ही दोघी जायचो, आणि त्या दिवशी सरही आले होते. सरांनी अब्बांना खुर्ची दिली, पाणी दिलं, "या चाचा" म्हणाले. मी प्लेट लावली, थेंब ठेवला, साय खरवडली. दुसरी लगेच धरली. अब्बा वाकून बघत होते. पन्नास वर्षं वितळलेलं कथील बघितलेला माणूस.

"मैल आया," ते म्हणाले. त्यांच्या लेखी साय म्हणजे मळ. "पोंछ डाल ना उसकू."

"नक्को अब्बा, तेच हवंय."

"मैल?" त्यांनी सरांकडे पाहिलं. सरांनी गंभीरपणे मान हलवली.

अब्बांना ते पटलं नाही. आम्ही दोघी नुसतं पुसून पुसून थकतो हे ऐकल्यावर तर त्यांनी खिशातून कागदाची पुडी काढली. त्यात नवसागर होता. घरून निघतानाच घेतला असणार. सर म्हणाले, टाकून बघू द्या त्यांना. अब्बांनी चिमूटभर भुकटी थेंबावर सोडली. पांढरा धूर निघाला, करकंबची खोकायला लागली, आणि धूर गेला तेव्हा थेंब आरशासारखा झाला होता. साय गायब. नवसागराचं कामच ते, साय खाऊन टाकणं. म्हणून तर कल्हई भांड्याला धरते.

"देख, अब साफ हुआ!" अब्बा खूश झाले.

मी आणि करकंबची एकमेकींकडे बघून हसायला लागलो. सरही हसले. चर्चासत्रानंतर पहिल्यांदा. मग सर आणि अब्बा बाहेर लिंबाच्या झाडाखाली बसून तांब्याच्या भांड्यांविषयी बोलत राहिले. आम्ही आत ती नासलेली काच फेकून नवी घेतली.

पुढे कॉलेजात आमचा छोटा सत्कार झाला तेव्हा एका वक्त्याने भाषणात सांगून टाकलं की कल्हईवाल्या वडिलांनी लेकीला मार्ग दाखवला. टाळ्या पडल्या. मी नंतर माइक घेऊन सांगितलं की तसं काही झालं नाही, वडिलांनी एक पट्टी खराब केली. लोक हसले. घरी आल्यावर अब्बा दोन दिवस माझ्याशी तुटक बोलत होते. "रहने देती थी तो क्या जाता था?" असं त्यांचं म्हणणं होतं. मला अजूनही वाटतं की मी बरोबर केलं, आणि त्यांचंही वाईट वाटणं समजतं.

मार्ग सापडला तो असा. रेघा का पडतात यामागे करकंबची लागली होती. तिने काच वेगवेगळ्या वेळी पुसून बघितली आणि तिच्या लक्षात आलं की आम्ही पट्टी प्लेटवरून उतरवून, स्पिरिटच्या बोळ्याने पुसतो, तोवर धातू गोठायला लागलेला असतो. अर्धवट गोठलेला धातू ओढला की त्याची तार होते. पुसायचं तर तो पूर्ण पातळ असतानाच, म्हणजे पट्टी प्लेटवर असतानाच. पण तिथे स्पिरिट चालत नाही, उकळून जातं, पेटण्याची भीती वेगळीच. कापूस करपतो. मग मी नवी पेठेत भांड्यांच्या दुकानात फिरले आणि केक करणाऱ्या बायका वापरतात तसं सिलिकॉनचं मऊ उलथणं आणलं. ते तापाला टिकतं. त्याची धार ब्लेडने सरळ कापून घेतली.

आता दोघींना एकाच वेळी काम करावं लागायचं. ती वरची पट्टी दाबून उचलायची आणि त्याच क्षणी मी उलथण्याची कड प्लेटवरच्या काचेवरून एकदाच ओढायची. जोर जास्त पडला तर साय फाटायची, कमी पडला तर मणी राहायचे. आम्ही बोलणं सोडून दिलं होतं, तिचा श्वास ऐकून मला कळायचं की आता उचलणार. कित्येक पट्ट्या फुटल्या. माझ्या उजव्या अंगठ्याला भाजून फोड आला, तो बरा होईस्तोवर मी डाव्या हाताने ओढायला शिकले.

त्यात मे संपला. सरांना निरोप दिला. शाल, श्रीफळ, भाषणं. सरांनी विभागाच्या किल्ल्या नव्या प्रमुखांकडे दिल्या आणि खिशातला स्क्रू ड्रायव्हर मला देऊन ते स्कूटरवरून गेले.

आणि जूनमध्ये, शाळा सुरू झाल्या होत्या तेव्हा, एका पट्टीतून वीज गेली. जोरात नाही, पण गेली. मी काही न बोलता पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. रेघ नव्हती. करकंबचीनेही बघितलं, दिवा फिरवून फिरवून बघितलं. मग तिने सुई घेतली आणि थर अर्ध्यापर्यंत कापला. वीज कमी झाली, बंद झाली नाही. आणखी थोडा कापला, आणखी कमी झाली. पार कापला तेव्हाच बंद झाली. थरातून जाणारी वीज अशीच वागायला हवी.

"आपा," ती म्हणाली. तिला रडू येत होतं.

आम्ही तशा आणखी पट्ट्या काढल्या आणि दोन घेऊन जुळे सोलापुरात सरांच्या घरी गेलो. सर अंगणात कुंड्यांना पाणी घालत होते. बनियनवरच होते, आम्हाला बघून आत जाऊन शर्ट घालून आले. मी पट्टी आणि मल्टिमीटर समोर ठेवला. त्यांनी टोच्या लावल्या नाहीत.

"आधी कापा," ते म्हणाले.

"सर, आम्ही कापून बघितलंय. या दोन चांगल्या राहिल्यात."

"माझ्यासमोर कापा. न कापता मला आकडा दाखवू नका."

करकंबचीने सुई काढली. अर्धा काप, मोजणी. पाऊण काप, मोजणी. पूर्ण काप. सरांनी तिन्ही वेळा स्वतः मोजलं. मग आतल्या दाराकडे बघून पत्नीला हाक मारली, "अगं, जरा बाहेर ये. हे बघ." त्या हात पुसत आल्या आणि काचेकडे बघू लागल्या. काचेवर अर्थातच काही दिसत नव्हतं. "छान आहे," त्या म्हणाल्या. सरांनी एवढंच विचारलं, "बघितलंस ना?" आणि ते खाली बघत मल्टिमीटरच्या वायरी गुंडाळत बसले.

पुण्याच्या बाईंना मी फोन केला. मला वाटलं होतं त्या विसरल्या असतील. त्या म्हणाल्या, येत्या आठवड्यात या. आम्ही साध्या गाडीने निघालो, कारण वाटेत केम स्टेशनवर करकंबचीची मावशी भेटायला येणार होती. पट्ट्या जेवणाच्या डब्यात कापसात ठेवल्या होत्या आणि डबा मी मांडीवरून खाली ठेवत नव्हते. केमला मावशी खिडकीशी आल्या, हातात दुसरा डबा, भाकरी आणि शेंगाची चटणी.

"त्यो डबा हिकडं द्या, ह्यो घ्या," त्या मला म्हणाल्या. त्यांना वाटलं रिकामा डबा परत न्यायचा आहे.

"मावशे, त्यात काच हाय!" करकंबची ओरडली.

"काच? काच घिऊन कुटं निघालाय?"

"पुण्याला. मोजायला."

"हितं कुणी मोजंना व्हय?" मावशी म्हणाल्या. तेवढ्यात गाडी सुटली. आम्ही दौंडपर्यंत हसत होतो आणि चटणी लई तिखट होती.

पुण्याच्या यंत्रात एक अतिशय बारीक सुई असते. ती थराच्या कडेवरून चालत जाते आणि पायरी आली की वर उचलली जाते. ती किती उचलली ते पडद्यावर दिसतं. बाईंनी आम्हाला खुर्च्या दिल्या आणि आम्ही पडद्याकडे बघत बसलो. रेषा सपाट आली, मग एका जागी टुणकन वर गेली आणि पुन्हा सपाट चालू लागली. बाईंनी आकडा वाचला. दीड नॅनोमीटरच्या आसपास.

"लई पातळ की," करकंबची गावाकडच्या बोलीतच म्हणाली आणि जीभ चावली. बाई हसल्या. "लईच," त्या म्हणाल्या.

शोधनिबंध लिहिताना नावांचा क्रम ठरवायचा होता. सर फोनवर म्हणाले, पहिलं नाव तिचं, चूक तिने पकडली. मला थोडं लागलं, खोटं कशाला सांगू. खोलीत सगळ्यात जास्त वर्षं माझी गेली होती. मी ते करकंबचीला बोललेही. ती म्हणाली, "तुमचं घालू की मग पैलं." तिने ते इतक्या सहज म्हटलं की वाद घालायला काही उरलंच नाही. पहिलं नाव तिचंच गेलं. एका लहानशा नियतकालिकात निबंध छापून आला. दोन ठिकाणांहून पत्रं आली, आमची उलथण्याची युक्ती विचारणारी.

करकंबची आता नातेपुत्याच्या कॉलेजात शिकवते. तिथे हॉट प्लेट आहे, पण ती चहासाठी वापरतात म्हणे. शनिवारी एसटीने येते, दिवसभर काम करते आणि संध्याकाळी जाते. सरांना गुडघेदुखीने धरलं आहे, फोनवर असतात. अब्बांकडे सध्या काम बरं आहे, शहरातल्या लोकांना पुन्हा तांब्याच्या भांड्यात पाणी प्यायचं खूळ लागलंय.

मी आता थर प्लास्टिकवर घेण्याच्या मागे आहे. काच तापवता येते, प्लास्टिक वितळतं. म्हणून थर आधी दुसऱ्या कशावर तरी काढून, तिथून सोडवून प्लास्टिकवर आणावा लागतो, आणि त्यात तो बहुतेक वेळा चुरगळतो. गेल्या आठवड्यात एक पट्टी धड निघाली. ती मी पेन्सिलीभोवती वाकवली. वीज टिकली. पुन्हा वाकवली, टिकली. उलट्या बाजूने वाकवली तेव्हा एकदम कमी झाली आणि सरळ केल्यावर परत आली. असं का होतं ते मला अजून कळलेलं नाही.